जोडीचा शब्द

प्रिय ठमे,

या नावानं तुला आता कुणी हाक मारत नाही, हे मला ठाऊक आहे. सभागृहात तू 'ताई', पक्षात 'प्रतोद मॅडम', आणि परवाच्या पेपरात तर तुझ्या फोटोखाली 'पोलादी' असा शब्द छापला होता. मला हसू आलं. पायात एवढासा काटा रुतला तर अख्खी गल्ली गोळा करणारी पोर ती, आणि म्हणे पोलादी. असो. आज सकाळी तू आलीस, चहा नको म्हणालीस, पक्षाचा आदेश टेबलावर ठेवलास, वर माझ्या चष्म्याचं घर ठेवलंस, पंख्यानं कागद उडू नये म्हणून. मग दारापर्यंत गेलीस आणि वळून म्हणालीस, "बाबा, उद्या तुम्ही या. आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही." मी म्हणालो, विचार करतो. या धंद्यात 'विचार करतो' म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. ती भाषा तू माझ्याच मांडीवर बसून शिकलीस. नंतर खिडकीतून पाहिलं तर तुझी गाडी फाटकाशी बराच वेळ उभी होती. खाली यावं असं फार वाटलं, पण गुडघे आणि अक्कल दोन्ही आडवी आली.

उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच तुझा जीव टांगणीला नको. उद्या मी मतदानाला येणार नाही. विरोधी बाकावरचा आपला वकील हॉस्पिटलात पडलाय, त्याला येता येत नाही, म्हणून मीही बाहेर राहणार. आमची जोडी आहे. हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला मांडला असशील. तो नाही आणि मी आलो, तर आपलं सरकार एका मतानं तरतं. मीही नाही आलो, तर मतं समसमान पडतात, आणि आपल्या सभागृहाच्या नियमानं समसमान म्हणजे विश्वासाचा ठराव नापास. म्हणजे आपण भाषणांत ज्याला लोकशाहीचा डोलारा म्हणतो, तो सध्या एका म्हाताऱ्याच्या निकामी मूत्रपिंडांवर उभा आहे. सगळे धडधाकट असते तर आपण पडलोच असतो, हे पक्षातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तरी या आठवड्यात जो भेटला त्यानं वकिलाच्या तब्येतीची अशी कळवळून चौकशी केली, की मला वाटलं, चला, माणुसकी अजून शिल्लक आहे. मग ध्यानात आलं, की तो बरा होतोय का, हे कुणी विचारतच नव्हतं. बरा होत नाहीये ना, याची खात्री चालली होती. आपल्या पक्षप्रमुखांनी तर फुलंही पाठवली.

पलीकडचे काही धुतल्या तांदळासारखे आहेत असं समजू नकोस. वकिलाला स्ट्रेचरवर घालून सभागृहात आणायचा त्यांचा बेत होता. दोघं-तिघं जण डॉक्टरांशी हुज्जत घालायला गेले, तेव्हा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांना जिन्यापर्यंत पिटाळलं. आपल्याकडचे लोकही माझ्याकडे येऊन गेले. एकानं कसल्याशा मंडळाचं अध्यक्षपद पुढं केलं, दुसऱ्यानं परदेशातलं राजदूतपद. माणूस विकत घ्यायचा तर आधी त्याला भूक कशाची आहे ते शोधावं लागतं, आणि माझ्या बाबतीत बिचाऱ्यांची पंचाईत झाली. तोंडात दात नाहीत आणि रक्तात साखर वाढलेली. तिसरा त्यातल्या त्यात चतुर. तो म्हणाला, साहेब, तुम्हीही दोन दिवस आजारी पडा, दाखल्याची सोय मी करतो, म्हणजे साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. मी त्याला म्हटलं, बाबा रे, माझ्या वयाच्या माणसानं आजारपणाचं नाटक करू नये, वरचा मनावर घेतो. तो हसला, मीही हसलो.

आयुष्यभर हेच केलं बघ. हसवलं. खुर्चीला माणूस कसा चिकटतो, पुढाऱ्याला डोक्यावर घेऊन नाचणारे त्यालाच पायाखाली कसे घेतात, हे सभांतून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. मग घरी जाऊन, ज्याची मी टर उडवली त्यालाच मत द्यायचे. फार उशिरा मला उमगलं, की हसलं की माणसाला आपलं काम झालं असं वाटतं. राज्य करणाऱ्यांना माझ्यासारखे लोक म्हणूनच आवडतात. मला कधी कुणी तुरुंगात टाकलं नाही, उलट दर वाढदिवसाला सत्कार. लोकांचीही एक गंमत आहे. आपला पुढारी खोटं बोलतो, हे त्यांना माहीत असतं आणि ते चालतं. पण तुम्ही त्या खोट्यावर विश्वास ठेवलात, असं दाखवून देणारा मात्र त्यांना डोळ्यांसमोर नको असतो. आता रविवारच्या पेपरात माझ्या 'वचनां'ची चौकट येते. त्यातली निम्मी मी बोललेलोच नाही, आणि खरं सांगायचं तर तीच बरी असतात.

जोडीची चाल तू ऐकली आहेस, पाहिलेली नाहीस. तू निवडून आलीस तोवर ती मोडीत निघाली होती. मी नवखा होतो तेव्हा प्रत्येक सदस्याची पलीकडच्या बाकावर एक जोडी असे. एक आजारी पडला, कुणाकडे मयत झाली, कुणाची बायको बाळंत झाली, की दुसरा मतदानाच्या वेळी आपणहून बाहेर थांबायचा. कुठं लिहायचं नाही, सही नाही, साक्षीदार नाही. कँटीनमध्ये चहा पिता पिता एकानं विचारायचं "जोडी?" आणि दुसऱ्यानं म्हणायचं "जोडी". झालं. आत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं या एका शब्दाला जागायची. सज्जन होती म्हणून? छे, निम्मे तर अट्टल बिलंदर होते. पण आपणही एक दिवस आजारी पडणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हल्लीच्या मंडळींना वाटतं, मरण फक्त विरोधी पक्षाला येतं. पुढं एकानं शब्द मोडला, मतदान जिंकून दिलं, त्याला मंत्रिपद मिळालं. मग काय विचारता, त्यानं गाय मारली म्हणून ह्यानं वासरू. बघता बघता सगळ्या जोड्या फुटल्या. आमची तेवढी राहिली, कारण आम्हा दोघांना नवीन काही शिकायचा कंटाळा.

वकील म्हणजे भांडायलाच जन्माला आलेला माणूस. त्यानं मला सभागृहात विदूषक म्हटलंय, आणि मी त्याला, फी न घेता हरणारा देशातला एकमेव वकील. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचं हाडवैर छापून यायचं आणि ते वाचत आम्ही एकाच टेबलावर बिस्किटं बुडवून खायचो. त्याचं राजकारण मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. त्याच्या लोकांचं सरकार आलं तर ते आपल्याइतकंच वाईट असेल. फरक एवढाच, की आपले चोर जेवून बसलेत आणि त्यांचे उपाशी आहेत. त्याला दाखल केलं त्या दिवशी मी भेटायला गेलो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्याचे बूट पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेऊन. नर्सनं काढून हातात दिले होते आणि कुठं ठेवायचे ते त्यांना सुचत नव्हतं. आत त्याच्या तोंडाला तो प्राणवायूचा मास्क. बोलायची बंदी होती. बंदी म्हटल्यावर तो बोलणारच. मास्क बाजूला करून माझा हात धरला आणि विचारलं, "जोडी?" मी म्हणालो, "जोडी." काल पुन्हा गेलो तर त्यानं मला ओळखलं नाही. थोरला भाऊ समजून विचारायला लागला, शाळा सुटली का. मी म्हणालो, सुटली. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत.

तुझे मुद्दे तू बोलून दाखवले नाहीस, तरी तुझ्या कपाळावर वाचले मी. वकिलाला आता काही कळत नाही आणि कधी कळणारही नाही. त्याच्याच पक्षानं आपली दोन माणसं फोडली, तेव्हा कुणाला चालीरीती आठवल्या? आणि तुझा कायदा. घरकाम करणाऱ्या बायकांना आजारपणात भरपगारी रजा आणि म्हातारपणी पेन्शन. त्यासाठी तू किती उंबरे झिजवलेस, कुणाकुणाचं ऐकून घेतलंस, ते मी बघितलंय. मला तुझा अभिमान वाटला होता, तेव्हा बोलून दाखवलं नाही, आता दाखवतो. सरकार पडलं तर तो कायदा रखडणार. नवे लोक तो आणतील असं वाटत नाही, आणलाच तर दात काढून आणतील. म्हणजे एका पारड्यात हजारो बायकांचं म्हातारपण आणि दुसऱ्यात दोन थेरड्यांचा एक शब्द. शहाण्या माणसानं काय निवडावं? ठमे, हुशार उत्तरं पुष्कळ आहेत, ती मी चाळीस सभांत देऊ शकेन. खरं एकही नाही. दुपारी आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी विचारलं, उद्या राहतंय ना हो सरकार? मी त्यांच्याकडे न बघता, पाणी गेलंय का म्हणून नळ सोडून बघत बसलो.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती माहीत असायला हवी. तुझी आई गेली तो दिवस. तू परीक्षेला गेली होतीस, संध्याकाळी आलीस तोवर सगळं संपलं होतं. नंतर कितीदा तरी तू म्हणालीस, बाबा, निदान तुम्ही तरी तिच्याजवळ होतात. मी होतो, कारण वकील तिकडं सभागृहात नव्हता. त्या दिवशी अंदाजपत्रकावर मतदान होतं आणि आपलं सरकार तेव्हाही असंच दोरीला लोंबकळत होतं. पक्षाचा माणूस सकाळपासून गाडी घेऊन दारात. वर सांगून पाठवलेलं, की बायको काय, तासाभरानं परत भेटेल. मी तिच्याकडे बघितलं, तिनं डोळ्यांनीच सांगितलं, जा. ती नेहमीच जा म्हणायची, तिचं आयुष्य मला जा म्हणण्यात गेलं. एवढ्यात वकिलाचा फोन आला. म्हणाला, तिथंच बस, मी कँटीनमध्ये बसलोय. आणि फोन ठेवला. मी दारातल्या माणसाला परत पाठवलं. दिवसभर तिच्या उशाशी बसलो, पेपर वाचून दाखवला, अगदी हवामान आणि जाहिरातीसुद्धा. मध्येच ती म्हणाली, आज तुमचा आवाज घरातला वाटतोय. मग झोपली. तुझ्या यायच्या थोडं आधी गेली.

आपलं सरकार त्या दिवशी वाचलं. वकिलाला त्याच्या पक्षानं गद्दार ठरवलं. त्याचं ठरलेलं विरोधी पक्षनेतेपद गेलं ते गेलंच, पुढं त्यांचं राज्य आलं तेव्हा त्याला साधं राज्यमंत्रीही केलं नाही. त्याच्याहून अर्ध्या अकलेचे लाल दिव्याच्या गाडीतून हिंडले आणि हा आपला कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. त्यावर एक अक्षर बोलला नाही कधी. मी विषय काढला तर म्हणायचा, बरं झालं, मंत्री झालो असतो तर तुझ्यासारखं पोट सुटलं असतं. त्या अंदाजपत्रकानं कुणाचं तरी काही गेलंच असणार. कुठं शाळा बंद पडली असेल, कुठं दवाखाना. त्याचा विचार त्यानं केला असेल, नसेलही. मी तर नाहीच केला. तुला हे इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तू लगेच जाऊन त्याच्या गळ्यात पडली असतीस आणि त्याला भांडल्याशिवाय कुणी जवळ आलेलं सहन होत नाही.

मी उपकार फेडतोय असं मनात आणू नकोस. तो मेल्याबरोबर फिटतील असले ते उपकार नव्हेत. मला भीती वाटते, एवढंच. जन्मभर बोलत आलो आणि बोललेलं सगळं वाऱ्यावर गेलं. शब्द दिला म्हणावा असा हा एकच, तोही ज्याला आठवत नाही त्याला दिलेला. तो मोडला तर मागं फक्त रविवारच्या चौकटीतला माणूस उरेल, आणि तो मला मुळीच आवडत नाही. मी बरोबर आहे असं म्हणत नाही. मावशींना विचारलं तर त्या म्हणतील, चुकलात, आणि त्यांचंही खरं असेल. तुला दुसरं मत जमवायचं असेल तर आजची संध्याकाळ तुझ्या हातात आहे, म्हणून हे पत्र आत्ताच ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. जमव. पण बाजारातलं आणू नकोस; ते उद्या तुझं असतं आणि परवा दुसऱ्याचं.

आता शेवटचं आणि कामाचं. उद्या मतदान संपलं, की सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसतील. मला पक्षातून काढायची नोटीस कोण काढणार? दोघं-चौघं पाठीवर हात ठेवून म्हणतील, वडील आहेत, जरा दमानं घ्या. ते तुझे हितचिंतक नव्हेत, ते तुझ्या खुर्चीचे हितचिंतक. बापाला पाठीशी घातलंस की तू संपलीस, आणि तुझ्याबरोबर तुझा कायदाही. विरोधी बाकावरूनही तो रेटता येईल, पण रेटणारं माणूस पक्षात पाहिजे. म्हणून नोटीस तूच काढ. कुणी सांगायच्या आत काढ, तुझ्या सहीनं. भाषा कडक ठेव. 'गद्दार' हा शब्द खुशाल घाल, त्या शब्दात मला सोबत चांगली आहे. पक्षाच्या घटनेतलं नंतरचं कलम तुला पाठ आहे: काढलेल्या माणसाशी पक्षातल्या कुणीही संबंध ठेवायचा नाही, घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, केला तर तोही बाहेर. ते कलम माझं आहे. मसुदा वाचला तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, नातेवाइकांना तरी सूट ठेवायची का? आणि मी उठून म्हणालो होतो, नातेवाइकांना तर सगळ्यात आधी लावा, माणसं फुटतात ती जेवणाच्या टेबलावरच. सगळी बैठक खो-खो हसली आणि कलम एकमतानं मंजूर झालं. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस, तूही हसलीस. म्हणून आज हे एवढं लांबलचक पत्र, कारण उद्यापासून मला तुझ्याशी बोलता येणार नाही. वेळेवर जेवत जा. वकील गेला, की पक्षातर्फे अंत्यदर्शनाला तुलाच पाठवतील. मीही तिथं असेन, वहिनींच्या बाजूला कुठंतरी. माझ्याकडे बघू नकोस, लोकांचं लक्ष असतं. मी लांबून बघून घेईन तुला.

पक्षात असो नसो, तुझाच,
बाबा